पेजेच्या थर्मासातले जंत

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो. पण आधीच बजावून ठेवतो, माझ्यातला चहा कुणी मागू नका. एके काळी लोक तो भांडून प्यायचे. आता माझ्या अंगाला चुकून हात लागला तरी घरातली माणसं साबण शोधतात. यात माझं काही चुकलेलं नाही. कसं ते सांगतो.

माझं बाहेरचं अंग टिनाचं, लाल रंगाचं, त्यावर कमळं काढलेली. मुंबईच्या दमट हवेत कमळं गंजून गेली, देठ तेवढे उरले. पण बाहेरच्या रंगाला कोण विचारतो? खरा मी म्हणजे आतली काच. काचेची एक बाटली, तिच्याभोवती दुसरी बाटली, आणि दोघींच्या मध्ये काहीच नाही. हवासुद्धा नाही. कारखान्यात ती ओढून काढतात आणि तळाचं भोक वितळवून बुजवतात. त्या रिकाम्या जागेवरच माझं सगळं आयुष्य चाललं आहे. आत घातलेल्या उबेला बाहेर जायला वाट सापडत नाही. माझं तोंड रुंद आहे, कारण मी पेजेचा थर्मास आहे, चहाचा नाही. लोक चहा घालतात तो त्यांचा प्रश्न. स्वभावाने मी जरा ताठ आहे हे कबूल. जे माझ्यात ठेवाल ते जसंच्या तसं परत मिळेल, याची मला घमेंड होती.

मला घाटकोपरच्या एका भांड्यांच्या दुकानातून शिवदासने आणलं. त्याची बायको मालन तेव्हा इस्पितळात बाळंत झाली होती आणि तिला बाहेरचं काही जात नव्हतं. कांजूरमार्गच्या चाळीतल्या खोलीत त्याने स्वतः पेज शिजवली, थोडी करपवली, आणि माझ्यात भरून तिच्या खाटेपाशी नेली. शेजारी कापडात गुंडाळलेली एक मुलगी झोपली होती. तीच क्षमा.

तेव्हापासून मी चाळीचा झालो. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाला कावीळ होवो, दारात कुणीतरी उभं राहायचंच, "मालनवैनी, थर्मास द्या हो." मालन नाही म्हणाली नाही कधी. पण मला भरायची मात्र स्वतः. तिचं माहेर मालवणाकडचं, बोलणं तिकडचं, आणि थर्मासाच्या बाबतीत तिचा एकच नियम. "गळ्याशी भरूचो. वर हवा ऱ्हवली काय निवता," असं ती प्रत्येकाला बजावायची. आणि घालायचं ते कढत कढत, म्हणजे पोचेपर्यंत पिण्याजोगं होतं. तिचं बरोबर होतं. थर्मास अर्धा भरून नेणाऱ्या माणसाचा मला अजूनही राग येतो.

मग काळ बदलला. ते नाहूरला फ्लॅटमध्ये राहायला आले. इस्पितळांत कँटीन आली, बाहेरचं अन्न आत नेऊ देईनात. स्टीलचे थर्मास निघाले, पडले तरी न फुटणारे. मला शेवटचं नेलं ते शिवदाससाठीच. त्या दिवशी पेज संध्याकाळी तशीच परत आली. झाकण उघडलं तेव्हा ती अजून गरम होती. मालन तिच्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. आपलं काम चोख झालं याचं वाईट वाटण्याची ती माझी पहिली वेळ. त्यानंतर तिने मला धुऊन, पुसून माळ्यावर ठेवलं आणि पुन्हा कुणी माझं नाव काढलं नाही.

आता मालनच्या पायाबद्दल सांगायला हवं. त्या घरात त्याला नुसता 'पाय' म्हणत. नाव घ्यायचे नाहीत. क्षमा लहान असतानाच मालनचा उजवा पाय सुजायला लागला. आधी घोट्याशी, मग पोटरी, मग गुडघ्यापर्यंत. मध्येच थंडी वाजून ताप भरायचा, पाय लालबुंद व्हायचा, चार दिवस उठता यायचं नाही. ताप उतरायचा, सूज मात्र प्रत्येक वेळी थोडी वाढवून जायचा. डास चावताना अंगात जंत सोडतो, दोऱ्याएवढा बारीक, आणि तो आपलं बिऱ्हाड पायाच्या नसांशेजारच्या वाहिन्यांत थाटतो, त्यामुळे अंगातलं पाणी पायात तुंबतं. हे मला नंतर कळलं. मालनला एवढंच कळलं की आता चप्पल होत नाही. ती साडी खाली टाचेपर्यंत सोडायला लागली. भर उन्हाळ्यातसुद्धा पाय झाकलेला. शिवदास गेल्यावर ती जिना उतरून खाली जायचीही बंद झाली. "माका काय काम आसा थंय," म्हणायची.

आणि क्षमा शिकली ती नेमकी त्याच जंताबद्दल.

तिची डॉक्टरेट झाली. त्यानंतर ती अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक म्हणून लागली. मित्रांनो, डॉक्टरेट झाल्यावरही ज्याचं शिकणं संपत नाही आणि नोकरी पक्की होत नाही, अशा माणसाला पोस्टडॉक म्हणतात. इमारतीतल्या बायका विचारायच्या, "क्षमा अजून शिकतेच आहे का हो?" मालन मान ताठ करून सांगायची, "डॉक्टर आसा ती. पेशंट बघणा नाय, जंत बघता."

माणसातले हे जंत जिवंत माणसातून काढता येत नाहीत. पण त्यांचा एक चुलत भाऊ म्हशींच्या पोटाच्या पोकळीत राहतो. पांढरा, बोटभर, शेवयीसारखा. म्हशीला त्याचा फारसा त्रास नसतो. तो कत्तलखान्यात मिळतो. मात्र म्हशीच्या अंगातून निघाला की त्याला अंगाइतकीच ऊब लागते, नाहीतर तो मरगळतो, आणि मरगळलेल्या जंतावर कसला प्रयोग करणार? संस्थेची जंत नेण्याची, ऊब राखणारी पेटी बंद पडली होती आणि दुरुस्तीचं घोडं कुठेतरी अडलं होतं. क्षमाने दोन-तीन स्टीलच्या बाटल्या वापरून पाहिल्या, पण त्यांची तोंडं अरुंद, जंत काढताना तुटायचे. एका रविवारी ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरून मला खाली काढलं.

"ह्या काय? खंय घेऊन चाललंस त्येका?" मालनने विचारलं.

क्षमाने खरं काय ते सांगितलं. मालनने पदर तोंडाला लावला. "शी गो बाय. लोकांका पेज पाजली ह्येतून."

"ते जंत माणसाला लागत नाहीत आई. आणि मी रोज उकळत्या पाण्याने धुणार आहे."

"तरी पण माझ्या ओट्यार ठेवू नको."

झालं, माझी जागा मोरीच्या खिडकीत. खरं सांगतो, मला अपमान वाटला. कुठे बाळंतिणीची पेज आणि कुठे म्हशीच्या पोटातले किडे. पण मोरीच्या खिडकीतून घरातलं सगळं ऐकू येतं, आणि तिथेच मला त्या घरातली खरी गोष्ट कळली.

रात्री जेवताना मालन हटकून विचारायची, "काय म्हणतत तुझे जंत?"

"जगतायत," क्षमा म्हणायची.

"मरूक होये ना?"

"मरायला हवेत गं, पण का मरतायत ते कळून मरायला हवेत."

मग मालन विचारायची, "औषध गावला काय पाय उतरात मा?"

आणि क्षमा दर वेळी ताटातलं काहीतरी चिवडत म्हणायची, "बघू गं. वेळ लागतो."

तिला पक्कं माहीत होतं, मित्रांनो. मालनच्या पायातले जंत कधीच मेले होते. ते जंत काही वर्षंच जगतात. पण जाताना त्यांनी आतल्या वाहिन्यांची जी वाट लावली, ती कुठल्याही औषधाने नीट होणार नव्हती. क्षमाचं औषध, निघालंच तर, ज्यांचे पाय अजून सुजलेले नाहीत त्यांच्यासाठी होतं. हे एक वाक्य तिच्याने आईला सांगवत नव्हतं. आई त्या औषधाच्या आशेवर जगत होती, आणि क्षमा ते रोज बघत होती.

क्षमाचं काम मला तेव्हापासून समजायला लागलं. पहाटे ती पातेल्यात मिठाचं आणि थोड्या साखरेचं पाणी अंगाइतकं कोमट करायची, तापमापी बुडवून बघायची आणि माझ्यात ओतायची. पाऊण भागच. वर जंतांसाठी जागा ठेवायची. कत्तलखान्यात चंद्रप्रकाश नावाचे पशुवैद्य तपासणीला असायचे. ते तिला आवाज द्यायचे, "या मॅडम, आज भरपूर आहेत." गमबूट, जाड हातमोजे, तोंडाला मास्क. चिमट्याने एकेक जंत उचलून ती अलगद माझ्यात सोडायची. मग मला मांडीवर धरून रिक्षातून थेट अंधेरी. खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळायची.

संस्थेत ती त्यांना काचेच्या बशीत काढायची. उजेडात ते वळवळायचे, एकमेकांत गुंतायचे, सुटायचे. हा जंत तोंडाने फारसं खात नाही, तो कातडीतूनच साखर शोषून घेतो. क्षमाला ती कातडीची वाट बंद करणारं एक रसायन सापडलं होतं. ती बशीत थेंब सोडायची आणि तासन्‌तास बघत बसायची. वळवळ मंदावायची, मग नुसतं टोक हलायचं, मग तेही नाही. तिच्या प्रमुख, सुहासिनी मॅडम, मागे येऊन उभ्या राहायच्या. "छान. पण पुन्हा करून दाखव." संशोधनात कौतुक असंच असतं. एकदा झालं म्हणजे झालं असं नाही, परत झालं पाहिजे. माझ्याशी मात्र ती मोकळेपणाने बोलायची. "तू आहेस म्हणून निभावतंय रे," असं म्हणत झाकण घट्ट करायची. मी पुन्हा ताठ झालो. पेज नाही तर नाही, पण काम काम आहे.

मग शेवटचा प्रयोग आला. तिची मुदत संपत आली होती. हा एक नीट झाला तर काम छापायला जाणार होतं आणि पुढची मुदत मिळणार होती. आदल्या रात्री जेवताना तिने तसं आईला सांगितलं.

"म्हणजे उद्या शेवटचा?" मालनने विचारलं.

"हो. उद्या जमलं की जमलं."

 त्या रात्री मालन देवापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली.

पहाटे क्षमाने पाणी कोमट केलं, तापमापी लावली, माझ्यात पाऊण भाग ओतलं, झाकण लावून मला पिशवीत ठेवलं आणि ती कपडे बदलायला आत गेली. तेवढ्यात मालन आली. मित्रांनो, वर्षभर त्या बाईने मला हात लावला नव्हता. किळस येते म्हणून मोरीत आली तरी माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. त्या दिवशी तिने मला दोन्ही हातांनी उचललं. झाकण उघडलं. आत बोट घातलं, आणि तिचा चेहरा पडला. पाणी नुसतं कोमट. आणि वर एवढी जागा रिकामी. पोरगी घाईत विसरली, तिला वाटलं. एवढ्या लांब जायचं, पोचेपर्यंत निवून जाईल, शेवटचा दिवस फुकट जाईल. गॅसवर चहाचं आधण उकळत होतं, चहा अजून टाकायचा होता. तिने ते कढत पाणी माझ्यात ओतलं. गळ्याशी. मग झाकण घट्ट केलं आणि पदराने माझं अंग पुसलं.

मला सगळं कळत होतं. हे जास्त गरम आहे, हे मला पहिल्या क्षणाला कळलं. पण थर्मासाला तोंड असलं तरी वाचा नाही.

कत्तलखान्यात त्या दिवशी लवकर आवरत होते. दुसऱ्या दिवसापासून सुट्ट्या होत्या. चंद्रप्रकाश म्हणाले, "मॅडम, पटपट हं." क्षमाने मला उघडलं. "जास्त भरलं वाटतं मी," असं स्वतःशी म्हणत तिने वरचं पाणी ओतून दिलं. हातात जाड मोजे होते. तापमापी पिशवीत होती, पण ती तिने काढली नाही. घरी मोजलं होतं ना. आणि माझ्यावर तिचा डोळे मिटून विश्वास. एकेक करून तिने ते माझ्यात सोडले. झाकणाआड ती ऊब मी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून अंधेरीला पोचेपर्यंत किंचितही उतरू दिली नाही. मला दुसरं काही येत नाही.

बशीत ओतले तेव्हा ते सरळ होते. जिवंत जंत कधी सरळ नसतो. पांढरेफटक, शिजलेल्या शेवया पडाव्यात तसे पडले. क्षमाने चिमट्याने एकाला हलवलं, दुसऱ्याला हलवलं. मग माझ्यात उरलेल्या पाण्यात तापमापी बुडवली. पारा अंगाच्या उबेच्या कितीतरी वर गेला. सुहासिनी मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. सुट्ट्या संपल्या की परत आणू. मुदतीचं मी बोलते वर." पण क्षमा ऐकत नव्हती. पाणी वाढलं कसं, हे तिच्या लक्षात आलं होतं.

दुपारीच ती घरी आली. मालन दारातच होती. "जमला?"

"आई, थर्मासात तू काही घातलंस?"

मालनचा चेहरा उजळला. आपली मदत लेकीला कळली, असं तिला वाटलं. "कढत पाणी घातलंय गो. नुसता कोमट होता. गळ्याशी भरलंय."

"शिजले ते. सगळे."

मालनला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती भिंतीला धरून खाली बसली. "म्हणजे... माझो पाय?" तिने विचारलं.

आणि क्षमाच्या तोंडून ते निघून गेलं. थकलेली होती, चिडलेली होती. "तुझा पाय नाही उतरणार आई. हे जमलं असतं तरी नसता उतरला. तुझ्यातले जंत कधीच मेलेत. मी काहीही शोधलं तरी तो तसाच राहणार आहे."



"माका कित्याक सांगलंस नाय?" मालनने विचारलं.

"तू कधी सरळ विचारलं नाहीस."

"रोज इचारलंय," मालन म्हणाली. "रोज."

 मालन उठली, भिंत धरत धरत आत गेली आणि साडी पायावर ओढून पलंगावर बसली. त्यानंतर दोन दिवस नुसती ताटं वाढली गेली, उचलली गेली. मला तर वाटलं, आता आपल्याला भंगारवाल्याला देणार. द्यायलाही हरकत नव्हती. त्या घरात माझ्यामुळे काय झालं ते मी बघत होतो आणि मला ते सहन होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मालनला पुन्हा थंडी वाजून ताप भरला. डॉक्टर आले, औषध देऊन गेले. ताप उतरल्यावर क्षमाने मोरीत पाट मांडला. प्लास्टिकचं घमेलं घेतलं, नळाचं साधं पाणी भरलं, साबण आणि मऊ फडकं ठेवलं. माझी काही गरज पडली नाही. मग ती आईला हाताला धरून घेऊन आली.

"पाय दे आई."

"नको. वास येता."

"येऊ दे. दे."

मालनने साडी वर केली नाही. मग क्षमाने स्वतःच ती हळूच गुडघ्यापर्यंत सरकवली. मित्रांनो, ती इतकी वर्षं त्या जंताची कातडी भिंगाखाली बघत होती. आईचा पाय तिने त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. बोटांच्या बेचक्यात भेगा होत्या, ओल्या, चिघळलेल्या. तिथूनच जंतू आत शिरतात आणि ताप येतो, आणि प्रत्येक ताप पायाला आणखी फुगवतो. रोज साबणाने धुऊन, बेचक्या कोरड्या ठेवल्या, पाय उंचावर ठेवला, तर ताप थांबतात. हे तिने पुस्तकात कधीच वाचलं होतं. अगदी पहिल्या वर्षी. पण आईचा पाय झाकलेला होता, आणि तिनेही तो झाकलेलाच राहू दिला होता.

ती रडत होती. पण हात थांबले नाहीत. एकेक बोट वेगळं करून तिने धुतलं, एकेक बेचकी फडक्याने टिपून कोरडी केली.

"ह्याने उतरतलो?" मालनने हळू आवाजात विचारलं.

"नाही," क्षमा म्हणाली. या वेळी तिने 'बघू' म्हटलं नाही. "पण ताप थांबतील. वाढायचा थांबेल. आणि मोठ्या मापाची चप्पल करून घेऊ आपण. खाली जाता येईल तुला."

 मालनला 'नाही' ऐकायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला खरं उत्तर दिलं होतं, तेही दिसत होतं. मग तिने दुसरा पाय पुढे केला, चांगला, डावा.

"ह्यो पण धू," ती म्हणाली. "इतकी वर्षां दोघांचा वजन ह्येनाच उचललान."

तेव्हापासून ते काम रोज चालतं. प्रयोग पुढे झाला, मुदतही मिळाली. जंत आता नव्या पेटीतून जातात. माझ्या आतल्या काचेला बारीक तडा गेला आहे, मध्ये हवा शिरली, आता माझ्यात काही गरम राहत नाही. तरी मला कुणी टाकलं नाही. मी मोरीच्या खिडकीत असतो आणि माझ्या झाकणात साबण ठेवतात.

म्हणून मित्रांनो, या जुन्या थर्मासाचं एक ऐका. मला सांभाळा असं मी म्हणत नाही, माझ्यासारखे पुष्कळ झाले आणि फुटले. पण तुमच्याही घरात कुणीतरी काहीतरी पदराआड झाकून वावरत असेल आणि रोज जेवताना तुम्हाला एकच प्रश्न विचारत असेल. त्याला 'बघू' म्हणू नका. उठा, पाट मांडा, आणि म्हणा, दाखव.